लुंबिनीचा गुडघा

किनवटच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या धुरपताबाईंना बास्केटबॉलचे नियम कधी कळले नाहीत. पण त्यांच्या हातचं खाऊन वाढलेली लुंबिनी महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायची, म्हणून त्या एकही सामना चुकवत नसत. आज उपांत्य सामना होता. लुंबिनीच्या गुडघ्याचं गेल्याच वर्षी ऑपरेशन झालेलं. तिने उडी मारली की बाई मोबाइल डोळ्यांजवळ आणून तिचा गुडघा बघायच्या.

शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाची एक धिप्पाड खेळाडू येऊन आदळली आणि लुंबिनी गुडघा धरून कोसळली.

"ऊठ माय, ऊठ," बाई पुटपुटल्या. बघवेना, आणि नजरही हटेना.

लुंबिनी उठली, लंगडली, मग धावू लागली. संघ एका गुणाने हरला.

"हरल्या ना?" मदतनीस सिंधूने विचारलं.

"हाव," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "पण पोरगी आपल्या पायानं बाहेर गेली."