धुरपताबाईच्या रुमालावरचे दोन पक्षी

समजा, तुमच्या हातात सुई आहे, गुडघ्यावर जाड निळं कापड आहे आणि त्यावर तुम्हाला एक पक्षी काढायचा आहे. तो तुमच्या तांड्यावर दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. लांब हिंगोलीला, एका बंगल्याच्या ओसरीवर तो पिंजऱ्यात आहे. डोकं कोवळ्या हरभऱ्यासारखं हिरवं, गळा जांभळा, पोट आभाळी, पंख काळे, आणि पाठीवर शेपटीपर्यंत लालभडक. पुन्हा बघायचा तर पुढच्या बाजाराची वाट बघायची. आता ओवा धागा.

सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या धुरपताबाईनं १९३८च्या हिवाळ्यात हे काम अंगावर घेतलं. हिंगोलीतल्या एका म्हाताऱ्या रिसालदारांना पाखरांचा नाद होता. दक्षिण अमेरिकेतला हा पक्षी त्यांनी कलकत्त्याच्या व्यापाऱ्याकडून मागवला होता. तो फळं खाई, म्हणून धुरपताबाई बाजाराला जाताना त्याच्यासाठी पिकली उंबरं नेई.

तिच्या लेकीचं, शकूचं, लग्न गोरेगावकडच्या तांड्यात ठरलं होतं. नवरीच्या घागरीवर घालायचा कवड्यांचा रुमाल आईनं शिवायचा, आणि सासरच्या बायकांनी तो उलटासुलटा करून माहेर जोखायचं. लग्नाच्या कापडाचा टाका मात्र उसवायचा नाही, अशी तांड्याची रीत.

"मोर काढ, राघू काढ," धुरपताबाईची सासू रुख्मिणीबाई म्हणाली. "हे पाखरू कोण ओळखतं?"

"म्हणून तर काढून राहिले, याडी." सासूला ती याडी, म्हणजे आईच म्हणे.

पक्षी पुरा झाल्यावर ताडून बघायला ती रुमाल घेऊन हिंगोलीला गेली. रिसालदार गावाला गेले होते. माळ्यानं उंबरं घेतली. तिनं पिंजऱ्यात पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पाठीचा लाल रंग मध्येच संपत होता आणि खाली शेपटीपर्यंत पिवळाधमक. आपल्या नजरेनं दगा दिला, असं तिला वाटलं.

घरी येऊन तिनं पाठीचे खालचे लाल टाके उसवायला घेतले.

"लग्नाचा टाका उसवून राहिलीस? सुईची भोकं दिसतील गोरेगावच्या बायांना."

"भोकं दिसू द्या, याडी. खोटा रंग न्हाई दिसला पाहिजे."

तिनं उसवलेल्या जागी पिवळा धागा भरला. पुढच्या बाजाराला गेली, तर ओसरीवर दोन पिंजरे. एकातला पक्षी लाल पाठीचा, दुसऱ्यातला लाल-पिवळ्या पाठीचा. रिसालदार परतले होते.

"पहिला थंडीनं आजारी पडला, म्हणून आत ठेवला होता," ते म्हणाले. "हा नवा आला."

"दोघं एकाच जातीचे, साहेब?"

"बराबर. जात एक, मुलूख वेगळा. एकीकडचे असे, दुसरीकडचे तसे."

धुरपताबाईनं दोन्ही पाठी आळीपाळीनं निरखल्या. तांड्यातांड्याच्या बायकांची कवड्यांची किनार वेगळी असते. नुसती ओढणी पाहून ती बाईचा तांडा सांगू शके.

"म्हंजे या पाखरांचे बी तांडे आहेत," ती म्हणाली.

आता पुन्हा काहीच उसवायचं नव्हतं. पिवळ्या पाठीच्या पक्ष्यासमोर तिनं लाल पाठीचा दुसरा काढला, चोचीला चोच लावून. लग्न तोंडावर आलं होतं. स्वयंपाक लेकीवर सोडून ती दिवसभर अंगणात शिवत बसे.

गोरेगावच्या बायकांनी रुमाल उलटा करून गाठीसुद्धा तपासल्या. शकू खाली मान घालून उभी होती.

"एक पाखरू चुकलं वाटतं, विहीणबाई," नवऱ्याची आई म्हणाली.

"चुकलं न्हाई. एक आमच्या तांड्याचं, एक तुमच्या."

विहिणीनं दोन्ही पाखरं पुन्हा पाहिली. मग हसली, आणि तिनं स्वतःच्या हातानं तो शकूच्या घागरीवर घातला.

१९४८ साली शकूची पोरगी आजीकडे शिवण शिकायला आली. तिच्या पहिल्याच कापडाची किनार अर्धी आजीच्या तांड्याची निघाली, अर्धी गोरेगावची. धुरपताबाईनं ती उसवू दिली नाही. रिसालदार आणि त्यांचे पक्षी तोवर राहिले नव्हते. एक गोष्ट त्यांना विचारायची राहून गेली होती. किनारीवरून बोट फिरवत ती नातीलाच म्हणाली, "लाल पाठीचं आन् पिवळ्या पाठीचं एका घरट्यात नांदलं, तर पिल्लाची पाठ कोणत्या रंगाची व्हत असंल गं?"