गुरुवारची बस

आमच्या गावाला गाव म्हणायचं ते सवयीने. एक चर्च, एक शाळा, एक पब, पत्र्याच्या छपराचा एक हॉल, आणि मग शेतांमधून लांब लांब विखुरलेली घरं. नवरा कासलबार या जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलात कंप्युटरचं काम बघतो. पुणं सोडून या परदेशात आलो तेव्हा तिथे भाड्याचं घर मिळेना, म्हणून आम्ही इथे आलो. मला गाडी चालवता येत नव्हती, आणि इथे गाडी न चालवणाऱ्या माणसाची गत लहान मुलासारखी असते. कुणी नेलं तर जायचं.

गुरुवारी मात्र एक छोटी बस कासलबारला जायची आणि दुपारी परत यायची. भाजी, लायब्ररी, कधी नुसतंच फिरणं, माझं सगळं त्या बसच्या जिवावर. तिची अडचण एकच. ती वरच्या रस्त्याने जायची आणि आमच्या खालच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना चढ चढून जावं लागायचं.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. गावच्या समितीच्या त्या अध्यक्षा. ही समिती म्हणजे आपली ग्रामपंचायत नव्हे. तिला ना अधिकार, ना कुणाला मानधन. रस्ते जिल्ह्याच्या कौन्सिलचे, पण फुलांच्या कुंड्या, दफनभूमीतलं गवत, हॉलचं गळकं छप्पर, नाताळचे दिवे, हे सगळं समितीकडे. एका जानेवारीत बाई मला वार्षिक सभेला घेऊन गेल्या. "घरात बसून काय करणार? चहा तरी मिळेल," म्हणाल्या.

हॉलमध्ये एवढी थंडी की सगळे कोट घालूनच बसलेले. खड्डे, पथदिवे, कुत्र्यांची घाण, असं एकेक झालं. शेवटी बाईंनी विचारलं, "आणखी कुणाला काही?" मी हात वर केला. म्हटलं, बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी का थांबत नाही?

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, काहीतरी चुकीचं बोलले. बाई हसल्या. "ग्रँड," त्या म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत छान, "मग तू आजपासून समितीत." नंतर कळलं, इथे सभेत तोंड उघडलं की माणूस समितीत जातो. म्हणूनच इतके लोक गप्प बसतात.

मागच्या रांगेत टोपी न काढता बसलेले एक आजोबा म्हणाले, "होणार नाही ते." त्यांची मेंढरं होती, बायको जाऊन काही वर्षं झाली होती. कुठलाही विषय निघाला की त्यांचं हेच वाक्य. पण कामाला सगळ्यांच्या आधी हजर.

फेब्रुवारीत कुंपणाची झुडपं छाटायची घाई असते, कारण मार्चपासून पक्षी घरटी करतात आणि मग ऑगस्ट संपेपर्यंत कात्री लावायची नाही. एप्रिलमध्ये पिवळी जाकिटं घालून आम्ही रस्त्याकडेचा कचरा वेचला. पुण्यात कधी माझ्या दारासमोरचा रस्ता मी झाडला नव्हता. इथे चरातून कुणाचा तरी बूट, कुणाची तरी किटली काढताना मला मजा येत होती. माझ्या शाळकरी लेकीला लाज वाटेल असं वाटलं, तर ती म्हणाली, "इट्स ग्रँड, आई," आणि मैत्रिणींना घेऊन आली.

मे महिन्यात बातमी आली. बसमध्ये माणसं फार कमी असतात, उन्हाळ्यानंतर ती बंद होणार. समितीची तातडीची बैठक झाली. सगळे तावातावाने बोलले. ही बस म्हणजे गावाचा प्राण, म्हाताऱ्यांचा आधार, आपण भांडलं पाहिजे. बराच वेळ ऐकून घेतल्यावर मी सहज विचारलं, "तुमच्यापैकी त्या बसमध्ये कोण कोण बसलंय?"

कुणी कपात बघितलं, कुणी छताकडे. अध्यक्षाबाईंचे कान लाल झाले. "मी नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. माझी गाडी आहे ना."

"मग या गुरुवारी चला की," मी म्हटलं. "घरी राहू दे गाडी."

"होणार नाही ते," आजोबा म्हणाले. गुरुवारी ते माझ्याआधी थांब्यावर उभे होते.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई कराडजवळच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना घरात करमेना. "सांजसकाळ नुसतं काचंतनं भाईर बघायचं व्हय?" म्हणायच्या. त्यांनाही घेतलं. बसमध्ये नेमकी आजोबांशेजारची जागा मोकळी होती. बाहेर मेंढरं दिसली तशा त्या मला म्हणाल्या, "आगं, ह्येंच्या मेंढरांच्या अंगावर निळा रंग कशापायी? इचार की."

मी विचारलं. आजोबांनी सांगितलं, कुणाची मेंढी कुठली ते कळावं म्हणून. मग त्यांनी उलट विचारलं, तुमच्याकडे पाऊस किती? लांडगे आहेत का? लोकर कोण कातरतं? कासलबार येईपर्यंत मी दोघांच्या मध्ये मान वळवून वळवून थकले. परतीच्या वाटेवर मी मुद्दाम मागे बसले. त्यांचं चाललंच होतं, आजोबा इंग्रजीत, सासूबाई मराठीत, हातवारे करत.

पुढे तो नेमच झाला. गुरुवारी सकाळी बस भरायची. कुणी केस कापायला, कुणी डॉक्टरकडे, कुणी नुसतं चहा-केक खायला. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं गाडीच्या काचेतून हात हलवणंच चाललं होतं, ती माणसं आता एकमेकांची गुडघेदुखी विचारू लागली. बसचा ड्रायव्हर अबोल म्हणून ओळखला जायचा. तो गाणं गुणगुणतो, हे आम्हाला जूनमध्ये कळलं.

जुलैत दफनभूमीची साफसफाई होती. वर्षातून एका रविवारी तिथेच प्रार्थना होते, परदेशी गेलेली मुलंबाळं येतात, त्याआधी सगळं नीट करायचं. सासूबाईंना न्यावं की नाही, मला कळेना. त्या फाटकाशी थबकल्या. "मसणात बायकांनी जाऊ न्हाई म्हंत्यात," त्या म्हणाल्या. आत बायका गुडघे टेकून तण काढत होत्या, कुणी दगड घासत होतं, कुणी थर्मासमधून चहा ओतत होतं. त्या जरा वेळ बघत राहिल्या. "पर ही तर बाग हाय की गं," म्हणाल्या, आणि पदर खोचून आत गेल्या.

आजोबा एका थडग्याशी ओणवे झाले होते. सासूबाईंनी मला काही विचारलं नाही. त्यांच्या समोर बसून त्या गवत उपटायला लागल्या. दोघं मिळून ते थडगं स्वच्छ करत राहिली. शेवटी आजोबांनी टोपी काढली. मी त्यांचं डोकं पहिल्यांदाच पाहिलं, पूर्ण टक्कल होतं. घरी आल्यावर सासूबाईंनी आधी डोक्यावरून अंघोळ केली आणि मगच चहा घेतला. "आपलं आपल्याला," म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये बसच्या कार्यालयातले एक साहेब पाहणीला आले. बस गच्च भरलेली, त्यांनाच जागा नाही. कुणीही उठायला तयार नव्हतं. बिचारे स्वतःच्या गाडीतून बसच्या मागे मागे कासलबारला आले. बस बंद झाली नाही. शिवाय ऑक्टोबरपासून ती खालच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागली.

तोवर सासूबाई परत गेल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर त्यांना नव्या थांब्याची पाटी दाखवली. त्यांनी विचारलं, "आन् म्हातारबाबा येत्यात न्हवं बसनं?" येतात, दर गुरुवारी, मी सांगितलं.

नोव्हेंबर संपता संपता नाताळचे दिवे लावायचं काम आलं. आजोबांनी ट्रॅक्टर आणला, शाळेच्या मास्तरांनी शिडी धरली, मी खालून माळा सोडवत होते. अध्यक्षाबाईंनी बटण दाबलं तर चर्चकडची बाजू उजळली आणि पबकडची अंधारातच राहिली. "पबला दिव्यांची काय गरज," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसत हॉलमध्ये शिरले. किटली उकळत होती. मी आणलेल्या चकल्या पहिल्या फेरीतच संपल्या.