आला फाउंड्रीचा

माझा आवाज फाटका. तरी पिंपरी-चिंचवडात कबड्डीचा सामना आणि माइकवर दुसराच कोणी, असं त्या काळात क्वचितच झालं. देहूरोडपासून सांगवीपर्यंत जत्रेजत्रेत बोललो. शिफ्ट सुटली की सायकल मैदानाकडे. बायको म्हणायची, घराकडं पण बघा कधी. मी कशाला ऐकतोय.

आमच्याकडे एक रीत होती. गडी चढाईला निघाला की त्याचं नाव घ्यायचं नाही, तो ज्या खात्यात राबतो ते खातं पुकारायचं. आला पेंटशॉपचा, धरा लेथवाल्याला. मग ते अख्खं खातं त्याच्यासाठी ओरडायचं.

एका वर्षी अंतिम सामना आमच्या कंपनीच्या मैदानावर, कंपनी विरुद्ध महाळुंगे गाव. पुण्याहून रेडिओचे साहेब आले होते. मध्यंतरानंतरचा खेळ थेट रेडिओवर जाणार, माझ्या तोंडून. जमलं तर पुढंही बोलावणार होते. मिसरूड फुटल्यापासून मला तेवढंच एक वेड होतं.

महाळुंग्याचा सगळ्यात चपळ गडी आमच्याच फाउंड्रीतला. भट्टीपुढं धड हातमोजे द्या म्हणाला, म्हणून नुकताच कामावरून काढलेला, आता गावाकडून खेळत होता. मध्यंतरात आमचे पर्सोनेल ऑफिसर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाले, "त्याला फाउंड्रीचा म्हणायचं बंद करा. तो आता कंपनीचा कोणी लागत नाही. महाळुंग्याचा म्हणा, काय बिघडतं?"

माझं टाळकं सणकलं. इतकी वर्षं त्यानं भट्टीपुढं हात भाजून घेतले, ते एका कागदानं पुसणार? पुसा म्हणावं. माझ्या तोंडानं मात्र नाही पुसू देणार.

मध्यंतर संपलं, रेडिओच्या साहेबांनी सुरू करा म्हणून हात वर केला. तो काढलेला गडी मांडीवर थाप मारून मधली रेषा ओलांडायला निघाला. मी छातीत होता नव्हता तेवढा दम लावला, "आला, आला फाउंड्रीचा!"

कंपनीच्या बाजूला बसलेली फाउंड्री उठून उभी राहिली आणि आपल्याच संघाविरुद्ध ओरडायला लागली. ऑफिसरांनी माइकची वायर उपसली. रेडिओवर म्हणे लगेच गाणी लागली. मी आपला नुसत्या घशानं ओरडत राहिलो, सामना संपेस्तोवर. महाळुंगे जिंकलं.

नंतर तो घाम पुसत जवळ आला. म्हणाला, "कशापायी केलंत भाऊ? तुमचा रेडिओ गेला न्हवं."

"चुलीत घाल तो रेडिओ," मी म्हणालो. बोलताना वाईट वाटत होतं, नाही कशाला म्हणू.

बोलावणं कधीच आलं नाही. कंपनीच्या मैदानावरचा माइकही गेला, पण गावांनी माझा माइक काढून घेतला नाही. लोक अजून हळहळतात, एवढी संधी घालवलीस राव. घालवली कशी? रेडिओवर मी आयुष्यात एकच वाक्य बोललो आणि ते खरं बोललो. उद्या परत बोलावलं तरी सुरुवात त्याच वाक्यानं करीन.