बॉनेटवरच्या दोन थापा

धरणाकाठच्या तंबूतून सकाळी बाहेर आलो, तर शेरू जागेवर नव्हता. आमचा हा चौदा वर्षांचा कुत्रा आता ठार बहिरा झालाय. तरी मी हाका मारत पाण्यापर्यंत धावलो. ओल्या मातीत त्याचे ठसे नव्हते. तीन दिवस गाडीतून फिरवत आणला, तो इथे हरवायला? रस्त्यावर शोधावं म्हणून गाडीत बसलो आणि किल्ली लावली.

"थांब," बायको बाहेरून म्हणाली. "आधी गाडीखाली बघ."

घरी तो गाडीखालच्या सावलीत झोपतो. निघताना बॉनेटवर दोन थापा मारल्या की आळस देत बाहेर यायचा. आत्ताही सवयीने थापा मारूनच मी बसलो होतो. कोणी आलं नाही, म्हणजे खाली कोणी नाही.

उतरून वाकलो. मागच्या चाकाला पाठ लावून तो गाढ झोपला होता.

वडिलांना ऐकू येईनासं झालं, तेव्हा फोनवर मी दोनदा हाक मारायचो आणि उत्तर आलं नाही की ठेवून द्यायचो.

किल्ली काढून खिशात टाकली आणि तो उठेपर्यंत तिथेच मातीत बसून राहिलो.