येतेकाकू आणि परीचा निरोप

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना नेरूळच्या आख्ख्या सोसायटीत 'येतेकाकू' म्हणायचे. आल्या की दहा मिनिटं बसायच्या, आणि "येते हं" म्हणून उठल्या की दारात तासभर उभ्या. एक चप्पल पायात, दुसरी बाहेर. सून, गुडघे, मासळीचे भाव, खरं बोलणं सगळं तिथेच. आत माझं वरण उतू जायचं आणि मी मनातल्या मनात चरफडायचे.

माझ्याकडे पऱ्यांच्या राज्यातली एक कादंबरीमालिका होती, सहा जाडजूड भागांची. पऱ्यांनी पळवलेली एक मुलगी आणि तिला पोटच्या पोरीसारखं वाढवणारी म्हातारी परी. "माझं काय वय आहे का गो पऱ्यांचं?" म्हणत काकूंनी पहिला भाग नेला. शेवटच्या भागाची मात्र माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त वाट पाहिली.

तो वाचून आल्या त्या पुस्तक सोफ्यावर आपटतच. "शी! वीट आणलान या लिहिणाऱ्या बाईने!"

"अहो, सगळं मनासारखं झालं की. दुष्ट राणी हरली, पोरगी आईकडे पोचली."

"पोचली ना! मीसुद्धा डोळे पुसले. पण त्या म्हातारीचा निरोप एका ओळीत? जिने लहानाची मोठी केलीन तिचा? दारात तरी उभं राहायचं की नाही!"

खोटं कशाला बोलू, मलाही किळसच आली होती. पाहुण्यांची बेल वाजल्यावर पसारा कपाटात कोंबावा, तसा तो शेवट कोंबला होता.

मग त्यांच्या मुलाने तळोज्याला फ्लॅट घेतला. निघायच्या दिवशी खाली कॅबवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. "आई, चल ना यार, कॅन्सल करेल तो!" काकूंनी एक चप्पल पायात सरकवली, माझ्याकडे वळून तोंड उघडलं, तेवढ्यात मुलाने दंडाला धरून त्यांना लिफ्टमध्ये नेलंच. 'येते'सुद्धा म्हणू दिलं नाही मेल्याने! असली शिसारी आली मला त्या घाईची, की दिवसभर जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात काकू, एकट्याच, बस बदलत आलेल्या.

"या, या. चहा टाकते."

"नाही गो, आत येत नाही. मी निघायला आलेय. त्या दिवशी नीट निघालेच नव्हते."

एक चप्पल काढून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. नवीन घर, सुनेचा अबोला, खिडकीतून येणारा कारखान्यांचा घाण वास, आणि अर्थातच ती म्हातारी परी. मी गॅस बंद करून आले होते. पोटभर बोलून झाल्यावर त्यांनी चप्पल घातली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता येते."

वर्षभरात काकू गेल्या, बसल्या जागी. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि लगेच उद्या पाणी येणार नसल्याचा मेसेज. शी! मी फोन बाजूला फेकला, दार उघडलं आणि एक चप्पल घालून कितीतरी वेळ उंबऱ्यात उभी राहिले.