आईचा ताप
आईचं खुब्याचं ऑपरेशन छान झालं होतं. राजेंद्र नगरला घरी न्यायच्या दिवशीच तिला ताप चढला. जखमेत पू झाला होता. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे जंतू हॉस्पिटलमधलेच आहेत. अँटिबायोटिक निकामी करणारे जीन त्यांच्यात आहेत. आता एकच औषध उरलंय, तेही किडनीला जड."

मी "ठीक है, सर" म्हणालो.

त्या औषधानंही ताप हटला नाही. आई गेली. बाबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना सांगितलं, तर ते नुसतं "अच्छा" म्हणाले. बॉडी मिळायला वेळ होता, म्हणून आम्ही कँटीनमध्ये जाऊन पोहे खाल्ले. मी वरून शेवसुद्धा मागून घेतली. रडू दोघांनाही आलं नाही.