मागची खोली

बाई या बोर्डिंगात आल्या त्या पंधरा दिवसांसाठी. मुलींच्या बोर्डिंगच्या मेट्रन म्हणजे त्यांच्या सख्ख्या मावशी. त्या ओल्या जिन्यावरून घसरल्या आणि कंबर मोडून बसल्या. मावशी बऱ्या होईपर्यंत कुणीतरी हवं होतं, आणि घरात मोकळं माणूस म्हणून बाईच सापडल्या. मावशींची कंबर तीन महिन्यांत सांधली, पण "तो जिना बदला, मग येते" असा त्यांनी निरोप धाडला. जिना काही बदलला नाही. पंधरा दिवसांची एकवीस वर्षं झाली.

साठ मुली, तीन मोठ्या खोल्या, पाच न्हाणीघरं आणि एक मेट्रन, असा तो संसार होता. प्रत्येक मुलीला नंबर असे. तो तिच्या फ्रॉकवर, टॉवेलवर, पायमोज्यांवर लाल दोऱ्याने शिवलेला असे, म्हणजे धुण्यात काही हरवू नये. बाईंनी पहिल्याच आठवड्यात नावांचा नाद सोडला आणि नंबरांनीच हाका मारायला सुरुवात केली. "ए बेचाळीस, केस बांध. नऊ, ती उशी तुझी नाही." एखादी मुलगी शाळा संपवून गेली की तिचा नंबर नव्या मुलीला मिळे. बाईंच्या लेखी बेचाळीस ही एकच मुलगी होती. ती दर काही वर्षांनी चेहरा बदलायची, एवढंच.

याला पहिली हरकत घेतली ती सतराने. सतरा नंबर आठवीत होती आणि तिच्यामागे नंबराला शोभतील अशा सतरा भानगडी होत्या. तिने मुख्याध्यापिकांना चौदा मुद्द्यांचं तक्रारपत्र लिहिलं. पहिला मुद्दा, आम्ही माणसं आहोत, आकडे नाही. नववा मुद्दा, तिसऱ्या न्हाणीघराची कडी लागत नाही. मुख्याध्यापिकांनी ते पत्र जसंच्या तसं बाईंकडे पाठवलं. बाईंनी चष्मा लावून ते वाचलं, शुद्धलेखनाच्या अकरा चुका लाल शाईने दुरुस्त केल्या, खाली "मुद्दा नववा बरोबर आहे" असं लिहिलं आणि पत्र सतराला परत दिलं. दुसऱ्या दिवशी कडी बसवली. बाकीच्या तेरा मुद्द्यांवर दोघींत अबोला पडला. म्हणजे सतराने धरला. बाईंना तो आठवड्याने समजला.

त्या वर्षी परीक्षा आठवड्यावर आली असताना एकतीस सकाळी उठली ती एक गाल दुप्पट घेऊनच. एकतीस ही सगळ्यांत धाकटी. डॉक्टरांनी तिच्या कानाखाली दोन बोटं लावली आणि म्हणाले, "गालगुंड." संध्याकाळपर्यंत आणखी चौघींचे गाल वर आले. मुख्याध्यापिकांनी झटपट निर्णय घेतला. धडधाकट मुलींना घरी पाठवलं, आणि ज्यांचे गाल फुगले होते किंवा फुगायच्या बेतात होते अशा एकोणीस जणी बोर्डिंगात तीन आठवडे बंद. आत कुणी जायचं नाही, बाहेर कुणी यायचं नाही.

"बाई, तुम्हाला लहानपणी झालेली आहेत ना?" मुख्याध्यापिकांनी फाटकाबाहेरून विचारलं.

"झालीत," बाई म्हणाल्या.

आचाऱ्याला झालेली नव्हती, आणि पन्नाशीत ती करून घ्यायची हौसही नव्हती. तो पातळ भाताचं पातेलं पायरीवर ठेवायचा, झाकणावर डाव आपटायचा आणि चोर सुटल्यासारखा पळायचा. पातेलं आत आणायचं, एकोणीस गाल शेकायचे, एकोणीस जणींना गुळण्या करायला लावायच्या, हे सगळं बाईंच्या गळ्यात पडलं. त्यांच्या नाकी नऊ आले, पण सहाची घंटा एक मिनिटही चुकली नाही. ज्यांना उठायचंच नव्हतं त्यांनाही ती ऐकावी लागायची.

सोळाव्या दिवशी बाई घंटा द्यायला उठल्या आणि त्यांना तोंड उघडेना. आरशात पाहिलं तर मान आणि चेहरा यांच्यातली हद्द पुसली गेली होती.

डॉक्टर आले. "तुम्ही तर म्हणालात, लहानपणी झाली होती."

बाईंनी एकतीसची पाटी घेतली आणि लिहिलं, "भावाला झाली असतील."

मोठेपणी हे दुखणं जास्त त्रास देतं. ताप चढला तर कुणाचं तरी लक्ष हवं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना त्यांच्या खोलीत एकटं राहू दिलं नाही. शेजारच्या मोठ्या खोलीत, दोन खोल्यांमधल्या प्लायवूडच्या पार्टिशनला लागून असलेली खाट त्यांना दिली. खाट चौदा वर्षांच्या मुलीच्या मापाची होती. बाईंचे पाय घोट्यापासून पुढे बाहेर राहिले.

सतराचे गाल तोवर उतरले होते. तिने कुणाला न विचारता घंटा ताब्यात घेतली. सहाला घंटा, साडेसहाला गुळण्या, सातला अंथरुणाच्या कडा ताणून घेणं. बाईंनी उठून बसायचा प्रयत्न केला तेव्हा ती खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"आजाऱ्याने पडून राहायचं. हा नियम तुमचाच आहे, बाई."

बाई आडव्या झाल्या. एकवीस वर्षांत त्या या खोलीत हजारदा आल्या असतील, पण आडव्या कधी झाल्या नव्हत्या. आडवं झाल्यावर त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, या खाटेवर सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं. आणि दुसरी, कुठेतरी अगदी कानाशी घड्याळ टिकटिक करतंय. खोलीत घड्याळ नव्हतं. बराच वेळ ऐकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की ते पार्टिशनपलीकडचं त्यांचं स्वतःचं गजराचं घड्याळ आहे, आणि ते प्लायवूडला खेटून नाही, समोरच्या भिंतीपाशी, फोनच्या टेबलावर आहे.

त्या या शोधावर विचार करत होत्या तोच एकतीस भाताची वाटी घेऊन आली, त्यांच्या उशाशी बसली आणि मोठ्या माणसासारखी चौकशी करू लागली.

"बाई, वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का हो?"

सतराने तिला चिमटा काढला, पण शब्द निघून गेला होता. बाईंनी पाटी ओढली. "तुला कुणी सांगितलं?"

अळीमिळी गुपचिळी. अठरा जणी छताकडे पाहू लागल्या. शेवटी सतराच पुढे झाली.

"दर रविवारी तुम्ही तुमच्या दादांशी फोनवर बोलता ना, ते ऐकू येतं. आम्ही ऐकत नाही, बाई. ऐकू येतं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. एकवीस वर्षांचे रविवार त्यांच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक गेले. वहिनीबद्दल काय काय बोलल्या होत्या त्या! आणि ते स्थळ, तेही यांना माहीत असणार का? एका अधीक्षकाचं स्थळ आलं होतं, बरंच जुनं प्रकरण. चाचपून पाहावं म्हणून त्यांनी पाटीवर नुसतं "सगळं?" असं लिहिलं.

"मागच्या ताया सांगून जातात," पलीकडच्या खाटेवरून बेचाळीस म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात, 'दादा, त्यांना सांग, मला साठ मुली आहेत. चालत असेल तर बघू.' आणि मग त्यांना चाललं नाही."

बाईंनी पाटी पालथी ठेवली. ती बेचाळीस जन्मलीसुद्धा नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

मागच्या खोलीचं तर विचारायलाच नको. बाईंच्या निवृत्तीला आता दोन वर्षं उरली होती. भावाच्या घराला मागे एक खोली होती, पूर्वी आई राहायची तिथे. आपण तिकडे जाऊन राहू, असं बाईंनी मनाशी धरलं होतं आणि चार वर्षं दर रविवारी आडून आडून सुचवलंही होतं. "नाही रे दादा, घाई काही नाही. मला काय, मागची खोली पुरे." हे वाक्य मुली बाईंच्या सुरात, बाईंच्या जागी थांबून, म्हणून दाखवू शकत होत्या. दादा काय म्हणतो ते त्यांना ऐकू येत नव्हतं. पण बाई नंतर "बरं, बघ मग" म्हणायच्या, त्यावरून अंदाज बांधायला काही कुणी पंडित लागत नव्हता.

आणि तो रविवारच होता. जेवणं आटोपली आणि पलीकडे फोन वाजला. बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी सतराकडे पाहून दाराकडे बोट दाखवलं. आजारी आहे एवढं सांग, असा त्याचा अर्थ होता. सतरा गेली.

पार्टिशन खरंच फार पातळ होतं.

"नमस्कार. बाईंना गालगुंड झालीत, त्या बोलू शकत नाहीत... नाही, मी चिमी नाही. मी सतरा... सतरा वर्षांची नाही हो, चौदा. सतरा नंबर... हो, औषध चालू आहे. थांबा, ठेवू नका. त्यांचा एक प्रश्न आहे."

बाईंचा काही प्रश्न नव्हता. त्यांनी कोपरावर उठून पार्टिशनवर जोरात थाप मारली.

"हो, त्याच वाजवतायत. लवकर विचार म्हणतायत. तर, मागची खोली त्यांना मिळणार आहे का?... नाही, 'बघू' नको. 'बघू'ला चार वर्षं झाली. हो की नाही, तेवढं सांगा."

मग बराच वेळ फक्त घड्याळ ऐकू आलं. एकोणीस अंथरुणांत कुणी कूस बदलली नाही.

"बरं. सांगते. आणि वहिनींचा गुडघा?... बरं. ठेवते."

सतरा परत आली ती खाटेच्या पायथ्याशी, बाईंच्या बाहेर आलेल्या पावलांपाशी उभी राहिली. तिचा आवाज मघासारखा नव्हता.

"नाही म्हणाले. तुमच्या भाच्याचं लग्न ठरतंय, खोली त्याला लागणार. मागच्या वर्षीच ठरलं होतं म्हणे. तुम्हाला सांगायला धीर होत नव्हता." मग ती म्हणाली, "गुडघा बरा आहे."

बाई छताकडे पाहत राहिल्या. त्यांना आधी सतराचा राग आला, मग दादाचा, आणि मग राग कुणावर करावा तेच कळेना. रडू आलं होतं. पण गालगुंडात रडता येत नाही, जबडा ओढतो आणि कळ मस्तकात जाते. त्यामुळे बाई रडल्या नाहीत. रडणं मागे पडल्यावर त्यांना जरा चमत्कारिक वाटलं. चार वर्षं दुखणारी दाढ कुणीतरी न विचारता उपटून हातात ठेवावी, तसं.

"मी विचारायला नको होतं का?" सतराने विचारलं.

बाईंनी पाटी घेतली. "मी विचारायला हवं होतं," त्यांनी लिहिलं. सतराने वाचलं, मान हलवली आणि गुळण्यांचं पाणी तापवायला गेली.

तिसऱ्या दिवशी दादा स्वतः आला. त्याला खरोखरच लहानपणी गालगुंड झालेली असल्यामुळे सगळ्या पंचक्रोशीत आत यायला मोकळा तोच एक होता. त्याने येताना संत्री आणली होती. आंबट खाल्लं की गालगुंडात प्राण कंठाशी येतात, हे तो विसरला होता. संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन तो त्या आखूड खाटेच्या कडेवर बसला.

"चिमे, मला नाही म्हणायचं जिवावर आलं होतं गं."

बाईंचा जबडा बोटभर उघडू लागला होता. "मला तरी विचारायचं कुठे जमलं?"

"राहायला ये की अधूनमधून. आठ दिवस, पंधरा दिवस..."

"ते राहू दे. वहिनीला काय काय बोलले मी तुझ्यापाशी, ते तिला कधी सांगितलंस का?"

दादाने दचकून आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल. मुली ऐकतायत."

"त्यांना सगळं पाठ आहे," बाई म्हणाल्या. "काही राहून गेलं तर विचार त्यांनाच."

मुलींपैकी कुणीतरी पांघरुणात तोंड खुपसून हसलं. त्यावर बाईंनी, तीन दिवसांत पहिल्यांदा, "गप्प बसा" असं नीट ऐकू येईल असं म्हटलं.

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी शाळेमागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान हलवायला दादा आणि भाचा दोघं आले. आईचं लाकडी कपाट मागच्या खोलीत होतं, ते दादाने न सांगता आणलं होतं. ते जिन्याच्या वळणावर अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. खाली शिंपी गिऱ्हाइकासह बघायला आला, वर बाई अडकल्या, आणि मधे कपाटाला टेकून दादा घाम पुसत उभा राहिला. भाचा सुताराला बोलवायला धावला. सुतार येईपर्यंत तास गेला. शिंप्याच्या बायकोने कपाटाच्या वरच्या फटीतून चहा पोचवला. सुताराने येऊन कपाटाचा एक पाय कापायचं ठरवलं.

"आईचं आहे हो," दादा कळवळून म्हणाला.

"कापा," बाई वरून म्हणाल्या. "खाली लाकडाचा ठोकळा लावू."